कातडीचा रंग जातो कुठं?

कोड हा शब्द निघाला की आपल्याकडे माणसं आवाज खाली आणतात. कर्जाचं बोलतील, भाऊबंदकीचं बोलतील, बांधाचा खटला तर चावडीवर उभं राहून मोठ्यानं सांगतील. पण घरातल्या लेकीच्या पायावर पांढरा डाग उठला, तर तो शेजारणीच्या नजरेला पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतील. वाचकहो, माझ्या अंगावर हे डाग पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ आहेत. १९७८ साली, मी चौदा वर्षांची असताना, उजव्या घोट्यावर पैंजण घासायचं तिथं शेंगदाण्याएवढा पहिला डाग दिसला. आज दोन्ही हात, पाय, ओठांच्या कडा आणि डोळ्यांभोवती पांढरं आहे. त्यामुळं मी आवाज खाली न आणता लिहिणार आहे.

त्या वेळी घरात मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते माझ्या आईला. "ही पोटात होती तेव्हा काय खाल्लं होतंस?" एका चुलतीनं दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याचं काढलं. खरं तर आमच्या घरी मासळी वर्षातून दोनदा शिजायची, आणि दूध बहुतेक विकलंच जायचं. दुसरीनं ग्रहण न पाळल्याचं काढलं. तिसरीनं देवाचं. आईनं सगळ्यांचं ऐकलं, सगळ्यांचे उपाय केले. माझी चिंच, लिंबू, दही, लोणचं बंद झालं. तांब्याच्या तांब्यात रात्री पाणी भरून ठेवायचं आणि पहाटे मला प्यायला द्यायचं, हे तिनं लग्न होईपर्यंत एक दिवस चुकवलं नाही. २००४ साली आई गेली. लेकीच्या कातडीला जे झालं ते आपल्या हातून झालं, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. मायबहिणींनो, तिच्या हातून काहीही झालेलं नव्हतं. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

आधी एक भीती बाजूला करू. कोड म्हणजे महारोग नव्हे. 'श्वेतकुष्ठ' या जुन्या नावानं हा घोटाळा करून ठेवला आहे, आणि ते नाव टाकून द्यावं हे बरं. कुष्ठरोग जंतूमुळं होतो. त्याचा चट्टा फिकट नाहीतर तांबूस असतो आणि तिथली जाणीव सहसा कमी होते. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि तिथं जाणीव शाबूत असते. मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगून डागावर कापसाची वात फिरवली होती. "कुठं लागतंय ते बोटानं दाखव," म्हणाले. दर वेळी माझं बोट बरोबर जागेवर पडलं. "कोड आहे. दुसऱ्याला लागत नाही, जिवाला धोका नाही," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. वडील मात्र खुर्चीतून उठायला तयार नव्हते. तेच वाक्य त्यांना परत ऐकायचं होतं. आणि महारोग असता, तरी आज सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि सहा महिने ते वर्षभरात तो बरा होतो. शंका असेल तर लपवू नये, दाखवून यावं.

आता रंगाकडे येऊ. आपली कातडी म्हणजे थरावर थर असतात. वरच्या कातडीच्या अगदी तळच्या थरात काही वेगळ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. आपण त्यांना रंगारी म्हणू. या रंगाऱ्याला झाडासारख्या फांद्या असतात, आणि त्या फांद्यांनी तो आजूबाजूच्या सुमारे ३६ पेशींना रंग पुरवतो. त्या रंगाचं नाव मेलॅनिन. त्याचे बारीक दाणे शेजारच्या पेशींना मिळाले की त्या ते आपल्या गाभ्याच्या वर रचून ठेवतात. भातलावणीला बाया डोक्यावर इरलं घेतात, अगदी तसं. इरलं पावसाचं असतं, हे उन्हाचं. गंमत अशी, की गोऱ्या माणसाच्या आणि काळ्या माणसाच्या अंगात रंगारी जवळजवळ सारखेच असतात. फरक असतो तो कोणाचा रंगारी किती दाणे बनवतो आणि केवढे बनवतो, एवढाच. मुलगी बघायला येणाऱ्या मंडळींनी हे ऐकून ठेवायला हरकत नाही.

मग डाग पडतो म्हणजे काय होतं? रंग संपतो, की रंगारी जातो? सगळी मेख या प्रश्नात आहे. डागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की उत्तर मिळतं. तिथं रंगारीच नसतो. बाकीची कातडी जागच्या जागी, धडधाकट. घाम येतो, स्पर्श कळतो, जखम भरते. फक्त रंगारी नाही.

इथं मला आमच्या मामंजींच्या म्हशीची आठवण येते. १९८५ साली माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांनी कुणापासून काही लपवलं नाही. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगायचे, "मुलीच्या पायाला कोड आहे, आधी बघून घ्या." दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. तिसऱ्या वेळी मामंजी आले. त्यांनी घोटा पाहिला आणि म्हणाले, "आमच्या म्हशीला डोळ्याभोवती असंच पांढरं झालं होतं. दुधाला काही कमी पडली नाही." मला म्हशीच्या पंगतीला बसवल्याचा तेव्हा राग आला होता. पण लग्न झालं, आणि त्या घरात माझ्या डागांवरून कधी कुणी शब्द काढला नाही.

तर ती म्हैस. चाऱ्यात तांब्याचा अंश कमी पडला की म्हशीची काळी कातडी आणि केस पांढरे पडतात, हे आपल्या देशातल्या पशुवैद्यांनी पाहिलेलं आहे. कारण मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एक विकर लागतं आणि त्या विकराला तांबं लागतं. तांबं नसेल तर रंगारी जागेवर असूनही त्याचा हात चालत नाही. अशा म्हशीला डॉक्टरांनी खनिज मिश्रण किंवा बेतानं तांब्याचा क्षार दिला, की रंग परत येऊ शकतो. (घरच्या घरी मोरचूद पाजायला जाऊ नका. जास्त झालं तर जनावर जातं.) आईचं तांब्याचं पाणी त्यामुळं अगदीच वेड्यासारखं नव्हतं, म्हशीच्या बाबतीत तिचा विचार बरोबर ठरला असता. पण माणसाच्या कोडात तांबं कमी पडलेलं नसतं. रंगारीच घरातून गेलेला असतो, मग रंगाचे डबे आणून काय उपयोग? चिंच-लिंबाचंही तेच. पोटात गेलेलं आंबट कातडीच्या तळाशी जाऊन रंगारी मारत नाही. दूध आणि मासेही मारत नाहीत.

मग मारतं कोण? आपल्यात म्हण आहे, कुंपणच शेत खातं. इथं नेमकं तेच होतं. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंशी लढायला रक्तात पांढऱ्या पेशी असतात. (नावात पांढरं आहे म्हणून घोटाळा करून घेऊ नका, कातडीच्या पांढऱ्याशी त्या नावाचा संबंध नाही.) त्यांच्यातल्या टी-पेशी म्हणजे मचाणावरचे राखणदार. रोगानं धरलेली पेशी ओळखून तिला मारायचं, हे त्यांचं काम. कोडामध्ये हे राखणदार स्वतःच्या घरच्या रंगाऱ्यालाच चोर समजतात आणि वेचून मारतात. त्या वेळी ते इंटरफेरॉन-गॅमा नावाचा पदार्थ सोडतात. तो लागला की कातडीच्या पेशी जणू आरोळी ठोकतात आणि ती ऐकून आणखी राखणदार त्या जागी गोळा होतात. डाग कडेकडेनं वाढत जातो तो यामुळं. मेलेल्या रंगाऱ्यांमागं सगळेच राखणदार परत फिरत नाहीत. काही तिथंच तळ देऊन राहतात. लव्हाळा खुरपून काढला तरी त्याच्या गाठी मातीत राहतात, तसे. उपचारानं रंग येतो आणि उपचार थांबला की बऱ्याच जणांना त्याच जागी परत पांढरं होतं, ते या गाठींमुळं.

राखणदारांना चकवा का बसतो? एक कारण रंगाऱ्याच्या धंद्यातच आहे. गुऱ्हाळ पेटवलं की गूळ होतो, तसा धूरही होतो. रंग बनवतानाही पेशीच्या आत जळजळीत पदार्थ तयार होतात. त्यातला एक हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर ओतलं की फेस येतो ते औषध तुम्हाला माहीत असेल. धडधाकट रंगारी हा धूर सोसतो. कोड होणाऱ्या माणसाचा रंगारी तो सोसायला कमी पडतो, गुदमरतो आणि धोक्याची खूण करतो. ती खूण बघून राखणदार येतात आणि खूण करणाऱ्यावरच तुटून पडतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून कोंबड्यांचा एक वाण जोपासला. त्याची पिल्लं जन्मतात रंगीत, आणि काही आठवड्यांत त्यांची पिसं पांढरी होत जातात. वाढतं पीस उपटून त्याचं मूळ तपासलं की राखणदार पेशींची तिथं झालेली गर्दी दिसते. त्या कोंबडीच्या आईनं दूध-मासे खाल्ले नव्हते, एवढं तर खरं.

आता कुळाचा प्रश्न, कारण स्थळं मोडतात ती त्यावरून. कोडाला आनुवंशिक बाजू आहे, हे नाकारून चालणार नाही. पण किती? ज्याला कोड आहे त्याच्या सख्ख्या भावंडांत आणि मुलांत ते होण्याचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास निघतं. म्हणजे चौऱ्याण्णव जणांना होत नाही. याहून बोलका पुरावा एकसारख्या जुळ्यांचा. एकाच बीजातून झालेली, सगळा वारसा तंतोतंत सारखा असलेली जुळी. त्यांत एकाला कोड असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात २३ च्या आसपासच आढळलं. सगळं रक्तातूनच येत असतं तर ते शंभरच्या शंभर भरलं असतं. बी सारखंच, पण उगवण मातीवर आणि हवेवरही असते. माझ्या तिन्ही मुलांना कोड नाही. पण त्यांतल्या एखाद्याला असतं, तरी मी त्याला किंवा मला दोष दिला नसता. जगात शंभर-दोनशे माणसांत एकाला हे होतं, बायांना आणि पुरुषांना सारखंच, आणि निम्म्या लोकांना विशीच्या आत.

माती-हवा म्हणजे काय, तेही ऐका, कारण यातलं काही आपल्या हातात आहे. ज्याच्या अंगात कोडाची वृत्ती आहे त्याची कातडी जिथं घासते, दबते, कापते, तिथं नवा डाग उठू शकतो. माझा पहिला डाग पैंजणाखाली उठला, दुसरा परकराच्या नाडीखाली. उसात काम करताना पाचटाचे ओरखडे हातावर उठायचे आणि काही महिन्यांनी तेवढीच पांढरी रेघ दिसायची, ही माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. म्हणून डाग वाढत असताना घट्ट नाडी, रुतणाऱ्या बांगड्या, घासणारे पट्टे टाळावेत.

दुसरं, काही रसायनं थेट रंगाऱ्यावर उठतात. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांचे हात आणि मनगटं पांढरी पडू लागली. शोध घेतला तेव्हा कारण निघालं त्यांच्या रबरी हातमोज्यांत मिसळलेलं एक रसायन. आपल्याकडे टिकलीच्या मागच्या डिंकात आणि स्वस्त रबरी चपलेत अशा जातीची रसायनं सापडलेली आहेत. टिकलीखाली टिकलीएवढा किंवा चपलेच्या पट्ट्याखाली पट्ट्याच्या आकाराचा डाग दिसला, तर ती वस्तू त्याच दिवशी सोडावी. कुंकू लावता येतं, चप्पल बदलता येते. २०१३ साली जपानमध्ये तर कातडी उजळ करण्याच्या मलमांनी हाच घात केला. त्यातलं रसायन रंगाऱ्याच्या पेशीत शिरून विषारी व्हायचं. १८ हजारांहून अधिक लोकांच्या अंगावर पांढरे चट्टे उठले आणि मलमं बाजारातून मागं घ्यावी लागली. गोरं होण्याच्या डब्या आपल्या बाजारातही कमी विकल्या जात नाहीत, म्हणून हे सांगितलं.

उपचारांचं म्हणाल, तर मी दोन्ही टोकं पाहिली. १९७९ साली आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या एका वैदूनं बावचीचा लेप दिला आणि उन्हात बसायला सांगितलं. किती वेळ, ते सांगितलं नाही. बावचीच्या बियांत सोरालेन असतं, त्यानं कातडी उन्हाला फार हळवी होते. नडगीवर लिंबाएवढे फोड आले, आणि ते भरल्यावर ती जागाही पांढरी झाली. बावचीत गुण नाही असं नाही. तशाच पदार्थापासून इजिप्तच्या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात औषध तयार केलं आणि ते जगभर वापरलं गेलं. पण मात्रा आणि ऊन दोन्ही मोजून द्यावं लागतं, ते बाजारातल्या वैदूचं काम नव्हे.

पुढं २०१० साली मी त्वचेच्या डॉक्टरांकडे दिव्याचे उपचार घेतले. अल्ट्राव्हायोलेट किरणांतली एक अरुंद पट्टीच तेवढी त्या दिव्यातून येते. आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचं, काही मिनिटं दिव्यापुढं उभं राहायचं आणि परत यायचं. असे दहा महिने. तिसऱ्या महिन्यात कोपराखाली पांढऱ्यात तपकिरी ठिपके दिसू लागले, कुणी तीळ सांडावेत तसे. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस. डॉक्टरांनी मग समजावलं. वरच्या कातडीतला रंगारी मेला तरी केसाच्या मुळाशी, खोलवर, काही बीज-रंगारी वाचलेले असतात. ऊस तोडून नेला तरी जमिनीत खोडकी राहते आणि तिला फुटवे येऊन खोडवा होतो. ते ठिपके म्हणजे असे फुटवे. दिवा त्यांना वर यायला जोर देतो आणि राखणदारांना शांतही करतो. माझ्या कोपराखालचे ठिपके पसरून एकमेकांना भिडले आणि हाताचा बराच भाग भरला. पण बोटांची टोकं आणि ओठ तसेच राहिले. तिथं केसच नाहीत, मग खोडकी कुठून असणार?

माझ्या भाचीची मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षी तिच्या भुवईजवळ डाग उठला आणि आजीनं तिचं दही-लिंबू बंद केलं. मी जाऊन आधी ते सुरू करायला लावलं. मग तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून पहिल्यांदा पाहिलं ते डागातल्या केसांकडे. केस काळे होते. म्हणजे खोडकी जिवंत आहे. केसही पांढरे झाले असते तर काम अवघड होतं. नवा डाग, कोवळं वय आणि चेहरा, या तिन्हीला गुण लवकर येतो, हे त्यांनी सांगितलं. रक्तातलं थायरॉइडही तपासायला लावलं, कारण ज्यांचे राखणदार रंगाऱ्यावर उठतात त्यांच्यातल्या काहींचे गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीवरही उठतात. राखणदारांना बोलावणाऱ्या त्या आरोळीचा कान बंद करणारं रुक्सोलिटिनिब नावाचं मलम २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालं आहे. वर्षभर जराही न वाढलेल्या डागावर चांगल्या जागेची कातडी किंवा रंगपेशी बसवण्याची शस्त्रक्रियाही होते. कुठलं कुणाला, ते डॉक्टर ठरवतील. "आठ दिवसांत खात्रीनं कोड बरं" अशी पाटी दिसली, तर मात्र पैसे कनवटीला घट्ट धरून पुढं चालू लागावं.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली 'श्वेता' ही संस्था कोड असलेल्या माणसांसाठी काम करते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली याच विषयावर 'नितळ' हा मराठी चित्रपट काढला. कुठं पाहायला मिळाला तर सगळ्या घरानं मिळून पाहावा, सासू-सासऱ्यांसकट.

राहता राहिलं ऊन. डाग दुखत नाही, खाजतही नाही बहुतेक. पण त्या जागेच्या पेशींच्या डोक्यावर इरलं नसतं. मार्चनंतर दुपारच्या उन्हात पांढरी जागा तासाभरात लाल होते आणि रात्री आग होते. मी भुईमूग खुरपायला जाताना मालकांचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा साडीवरून घालते, डोक्यावरून पदराच्या वर टॉवेल घेते आणि बारा ते तीन बांधावरच्या आंब्याखाली बसते. सदरा सुती आणि सैल असावा, आणि बाहीची गुंडी मनगटाला घासणार नाही इतपत ढिली ठेवावी.